उजव्या हाताची पट्टी

वेल्डरचा उजवा हात वर्षातून दोन-तीनदा भाजायचा, आणि दर वेळी नेमका कुठला तरी फॉर्म भरायच्या दिवशी. बँकेत खातं उघडताना भाजला, मुलीचं नाव शाळेत घालताना भाजला, मोबाइलचं सिम घेताना तर एवढा भाजला की दुकानदारानं बसायला स्टूल दिलं. पट्टी बायको बांधायची. ती दहावी झालेली, त्यामुळे काम नेटकं. आत कापूस, वर लाल औषधाचे दोन थेंब, आणि अंगठासुद्धा गुंडाळलेला, नाहीतर कुणी तरी पेन धरून बघायला सांगायचं.

"आज जरा जाड बांध," तो म्हणाला. "मोठा कारखाना आहे."

ज्या वर्कशॉपात त्यानं बावीस वर्षं काढली, ते पाच महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं. तिथल्या मालकानं कधी कागद विचारला नव्हता. जोड गळत नाही एवढं त्याला पुरायचं. बाहेरच्या जगाला मात्र आधी कागद लागत होता. एका ठिकाणी त्यानं खरं सांगून बघितलं, चौथी. टेबलामागच्या पोरसवद्या साहेबानं अर्ज परत सरकवला आणि गोड आवाजात म्हणाला, "काका, इथे झाडूवाल्यालाही दहावी लागते." त्या दिवसापासून त्यानं खऱ्याचा नाद सोडला.

कारखान्याच्या ऑफिसात भिंतीला लागून आठ-दहा खुर्च्या होत्या आणि त्यांवर सगळे वेल्डर. बायकोनं फॉर्म मांडीवर घेऊन भरायला सुरुवात केली. 'शिक्षण' आलं तशी ती थांबली.

"दहावी घालू?" तिनं हळूच विचारलं.

"बारावी घाल."

"माझ्याही पुढे दोन इयत्ता?"

"घाल गं. खोटंच बोलायचं तर त्यात कंजूषपणा कशाला?"

तिनं बारावी घातली. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म घेतला आणि त्याच्या हाताकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "बरंच भाजलंय हो. फार दुखतंय का?" त्यांनी स्वतः उठून पाण्याचा ग्लास आणून दिला, तोही डाव्या हातात. त्यानं ते पाणी बाईंकडे न बघता संपवलं.

एवढ्यात आतून फोरमन आले. पिकलेले केस, चष्मा दोरीला. "फॉर्म झाले ते आत चला. चाचणी आत्ताच."

हे वेल्डरनं धरलं नव्हतं. बाकी सगळीकडे आधी फॉर्म, मग आठ-दहा दिवसांनी फोन, मग चाचणी. तोवर हात बरा व्हायचा. इथे मात्र फॉर्मची शाई वाळायच्या आत जोड.

"तुम्ही बसा," फोरमन त्याला म्हणाले. "पट्टीवर हातमोजा चढत नाही, आणि जखमी हातात मी वेल्डिंगचा होल्डर देत नाही. पुढची भरती सहा महिन्यांनी आहे, तेव्हा या."

"चार दिवसांत बरं होईल, साहेब."

"जागा आज भरायच्या आहेत."

बायको उठून उभी राहिली. सहा महिने घरात बसणं आता शक्य नव्हतं. त्यानं पट्टीचं टोक दातांनी ओढलं आणि सोडायला लागला. जाड बांध म्हणून त्यानंच सांगितलं होतं, तेव्हा ती संपता संपेना. कापूस खाली पडला. आतून हात निघाला तो असा धडधाकट, की बावीस वर्षांत इतका चांगला तो कधी दिसला नव्हता. कुणी तरी हसू दाबत खोकलं. त्याचं त्याला एवढं वाटलं नाही. पण काउंटरवरच्या बाईंनी मान खाली घालून रजिस्टर उघडलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं.

फोरमननी आत जायची खूण केली.

आत त्यानं तोंडावर काच ओढली, आणि निदान चेहरा लपला म्हणून सुटल्यासारखं वाटलं. पाइपचा जोड होता. हातानं आपलं काम केलं; हाताला लाज नसते. फोरमननी हातोडीनं जोडावरची खपली उडवली, टॉर्च लावून पाइपात आतून बघितलं, पुन्हा बघितलं.

"असा जोड बरेच दिवस पाहिला नव्हता," ते म्हणाले. मग विचारलं, "फॉर्म कुणी लिहिलाय?"

"बायकोनं."

"बारावी?"

त्यानं हातमोजे काढायला घेतले.

"इथे शिक्षणाची अट नाही, अनुभव बघतो. खोटं लिहिलेलं मात्र चालत नाही. आणि आत टाकीवर 'गॅस आहे' अशी पाटी असते, ती वाचायला तुमच्या बायकोला बोलावणार का? नवा फॉर्म घ्या. स्वतः लिहा. दुपार झाली तरी चालेल."

म्हणजे पट्टी फुकट, बारावीही फुकट. नुसतं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण अडाणीपणाचं असंच असतं, विचारायलाही भीती वाटते.

तो पेन घेऊन बसला. बाकीचे आपापलं आटोपून निघून गेले. तास झाला. एकदा बायकोचा हात मदतीला पुढे आला, त्यानं मान हलवली. वेलांट्या जिथे बसतील तिथे बसवल्या, एक-दोन अक्षरं गिरवून काळी केली, आणि शेवटी 'चौथी' लिहिलं.

बाईंनी फॉर्म वाचला. एकही चूक दाखवली नाही. "चौथी. पास ना?" त्यांनी सहज विचारलं, नुसती खूण करायची होती.

बायकोनं त्याच्या वतीनं मान डोलवायला घेतलीही होती. हो म्हटलं असतं तर कुणी त्या शाळेत बघायला जाणार नव्हतं.

"नापास," तो म्हणाला. "दोनदा."

बाईंनी खूण केली. "सोमवारी आठ वाजता या."

बस थांब्यावर आल्यावर बायको म्हणाली, "लोकांचं जाऊ द्या. मला का नाही सांगितलंत? अठरा वर्षं झाली."

"तुझ्यापुढे चौथी म्हणतानाच अर्धा मेलो होतो," तो म्हणाला. "नापास म्हटलं असतं तर तू लग्नाला हो म्हणाली नसतीस."

तिनं उगाच समजूत घातली नाही. खरंच विचार केला.

"नसतेच म्हणाले," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. नोकरी लागल्याचं दोघांनाही बराच वेळ आठवलं नाही.