संत क्रिस्तोफोरोचा भरून येणारा पाय

रविवारची घंटा व्हायच्या आत आमच्या सोर्वेनोच्या चर्चबाहेर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. अख्ख्या दरीतून माणसं लोटली होती, पण आत कुणीच जात नव्हतं. सगळ्यांच्या नजरा बाहेरच्या भिंतीवर खिळल्या होत्या. पाचशे वर्षांपूर्वी कुणा अनाम चित्रकारानं तिथे अवाढव्य संत क्रिस्तोफोरो रंगवला आहे, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. सकाळी त्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी या गावचा डॉक्टर. सकाळी दर्शन घेऊन दुपारी गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले मीच लिहिले आहेत.

"काल तुमच्यासमोर हा घोटा खरवडला की नाही?" बंधू झेनोनेनं विचारलं.

"खरवडला," गर्दी म्हणाली.

"आता बघा."

घोटा पुन्हा गुळगुळीत झाला होता. बायकांनी गुडघे टेकले.

मूल व्हावं, टिकावं म्हणून त्या पायाचा चुना खरवडून पाण्यातून घ्यायची रीत इथे आजोबा-पणजोबांपासूनची. त्यापायी संताच्या पायाच्या जागी नुसता खड्डा उरला होता. मग हिवाळा सरताना हा झेनोने उगवला. अंगात तपकिरी झगा. कुठल्या मठाचा, असं विचारलं की डोळे मिटून घ्यायचा. तो आला आणि पाय भरून यायला लागला.

"ज्याची टाच आपोआप भरते, तो तुमची कूस भरणार नाही?" खरवडलेल्या चुन्याच्या पुड्या वाटत तो म्हणायचा. "रोज एक चिमूट, उपाशीपोटी. श्रद्धा कमी पडत असेल तर दोन."

मी फादर ओर्तेंसिओंना म्हटलं, मला हा माणूस सरळ वाटत नाही.

"डॉक्टर, किती वर्षांनी चर्च भरतंय माझं," ते म्हणाले.

"चर्च कुठं? भिंत भरतेय."

जूनमध्ये लोहाराची सून देल्फिना पोटात कळा येतात म्हणून माझ्याकडे आली. तिचे दोन गर्भ गेले होते; हा तिसरा, चौथा महिना. चेहरा पांढराफटक. तोंड उघडायला लावलं, तर हिरड्यांच्या कडेनं निळसर काळी रेघ. तशी रेघ मी शहरात असताना रंगाऱ्यांच्या तोंडात पाहिली होती. ती शिशाच्या विषाची खूण आहे, आणि शिसं गर्भ पाडतं.

"घरात रंगकाम चाललंय का?"

"नाही हो."

"मग खातेस काय?"

"मक्याची पोलेंता, दूध. आणि संताचा चुना, झेनोनेबाबा आल्यापासून रोज."

चुन्यात शिसं नसतं. ते रंगाऱ्यांच्या सफेद्यात असतं.

"तो चुना आजपासून बंद."

"बंद केला आणि हेही गेलं, तर तुम्ही आणून देणार का?" सोबत आलेली तिची सासू आर्मिदा मध्येच कडाडली. देल्फिनानं मान खाली घातली. घरी गेल्यावर ही पोर उद्याची चिमूट घेणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नुसतं सांगून भागणार नव्हतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायला हवं होतं.

पुढल्या रविवारी मी गावाखालच्या गंधकाच्या झऱ्याची बादली भरून नेली. संधिवाताचे म्हातारे डुंबतात तोच झरा, सडक्या अंड्यांच्या वासाचा.

"बंधू, संताचे पाय धुवायचा नवस आहे."

सगळं गाव बघत होतं, त्याला नाही म्हणता येईना. मी ओलं फडकं पायावर दाबून धरलं. पाय आधी तपकिरी झाला, मग काळाकुट्ट. गर्दी मागे सरली.

"संत कोपला," झेनोने ओरडला. "या नास्तिकानं हात लावला म्हणून कोपला."

"मग गुडघ्यावर का नाही कोपला?" मी तेच फडकं गुडघ्यावर, चित्रातल्या नदीच्या माशांवर फिरवलं. तिथला रंग जराही बदलला नाही. मग आर्मिदाच्या हातातली पुडी पेल्यात रिकामी केली, वर झऱ्याचं पाणी ओतलं. तेही काळं.

"जुनं चित्र ओल्या चुन्यावर काढलेलं आहे. चुन्याला या पाण्यानं काही होत नाही," मी म्हणालो. "पाय मात्र सरसात कालवलेल्या सफेद्यानं लिंपला जातो. सफेद्यात शिसं असतं, ते गंधकानं काळं पडतं आणि पोटातलं मूल मारतं. माझं खोटं असेल तर बंधूंनी आत्ता एक पुडी तोंडात टाकावी."

"आज माझा उपवास आहे," झेनोने म्हणाला.

"मग उद्या खा," गर्दीतून देल्फिना म्हणाली. "उद्या सकाळी, उपाशीपोटी. मी बघायला येते."

लोक थेट झेनोनेच्या खोलीकडे वळले. घंटाघराखालच्या त्या खोलीत सफेद्याचा डबा आणि सरसाचं भांडं सापडलं, तेव्हा कुठे फादरांनी पोलिसांना बोलावलं.

नोव्हेंबरात देल्फिनाला मुलगी झाली. आर्मिदा आता गावभर सांगते, संतानंच पाय काळा करून इशारा दिला. बादली मी वाहून नेली होती, त्याचं काही नाही. चीड येते.

बाळंतिणीला मी लोहाचं औषध दिलं. देल्फिनानं बाटली हातात घेतली आणि विचारलं, "यात काय आहे?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. क्षणभर रागच आला. मग मी एकेक जिन्नस सांगितला.

"दुधातून हिला बाधेल?"

"नाही." का नाही, तेही सांगितलं. मग तिनं चमचा तोंडात घातला.

लोकहो, असंच विचारा. झग्यातल्याला विचारा, फादरांना विचारा, मलाही विचारा. उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडू नका.