थिनरने धुतलेले हात

संध्याकाळी दार उघडलं की नवऱ्याच्या आधी थिनरचा वास घरात शिरायचा. तो रंगारी. दिवसभर खिडक्यांच्या गजांना ऑइलपेंट मारायचा आणि घरी आल्यावर मोरीत बसून, चिंधी थिनरमध्ये बुडवून कोपरापर्यंत हात घासायचा. बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यांतून रक्त यायचं. "हा रंगच बाधतो मला," म्हणत तो आणखी जोरात घासायचा.

"अहो, घरात साबण आहे ना?" बायको रोज विचारायची.

"साबणाने ऑइलपेंट निघतो होय? तू शिकलेली आहेस, रंगारी नाहीस."

सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं.

एकदा त्याने तान्ह्या लेकीला पाळण्यातून उचललं, गालावरून हात फिरवला आणि पोर किंचाळली. गालावर लालभडक ओरखडा! त्याने तिला बायकोच्या हातात दिलं. तेव्हापासून तो लांबूनच लेकीला हसवायचा. ती हात पसरायची आणि हा स्वतःचे हात खिशात घालायचा. ते बघून बायकोला चीडही यायची आणि वाईटही वाटायचं.

रविवारी नणंद आली. ती इस्पितळात त्वचारोग विभागात नर्स होती. बायकोने सगळं सांगितल्यावर तिने भावाचे हात खिशातून ओढूनच काढले.

"लाकडाला प्रायमर न लावता रंग मारला तर काय होतं रे?"

"पाणी शिरतं. फुगतं, तडे जातात."

"कातडीलाही प्रायमर असतो, तेलाचा पातळ थर. तो तू रोज थिनरने उतरवतोस आणि शिव्या रंगाला देतोस. शहाणाच आहेस."

"ताई, कामावर सगळेच थिनरने धुतात."

"मग सगळ्यांच्याच पोरी लांब ठेवायच्या का?"

त्याने पाळण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मग रंग काढू कशाने?"

"ओला असतानाच खायचं तेल चोळ, मग साबण लाव. कामाला हातमोजे घाल, झोपताना मलम लाव. आणि या भेगा उद्याच डॉक्टरांना दाखव."

"हेच मी इतके दिवस ओरडतेय!" बायको म्हणाली.

"तू साबण म्हणालीस. तेल कुठे म्हणालीस?" तो म्हणाला.

तिने कपाळावर हात मारून घेतला.

हातमोजे घातलेले पाहून सोबतचे रंगारी हसले. "काय डॉक्टर, ऑपरेशन कुणाचं?"

"पोरीला घ्यायचंय," तो एवढंच म्हणाला. काही दिवसांनी हसणाऱ्यांपैकीच एकाने हळूच त्याची तेलाची बाटली मागितली.

भेगा भरायला वेळ लागला. मग एका संध्याकाळी बायकोने आधी त्याची बोटं हुंगली, तळवा स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिला आणि मगच लेकीला त्याच्या हातात दिलं. लेकीने बापाचं बोट धरलं आणि थेट तोंडात घातलं.

कष्टाचे हात म्हणून आपण भेगांचं फार कौतुक करतो. ते आता पुरे. राबणाऱ्या हातांनाही कातडीच असते. तिची राखण करणं हा नखरा नाही, कामाचाच भाग आहे. त्या हातांनी घरी येऊन कुणाला तरी जवळ घ्यायचं असतं.