अकरा काचा

प्रदर्शन हिवाळ्यात व्हावं असं उत्तराबाई निनावे तीन वर्षं सांगत होत्या. कार्यकारिणीने मान्यता दिली ती मार्चच्या शेवटी, आणि तारीख ठरली एप्रिलच्या चौथ्या सोमवारची. १९७८ साल होतं. नागपुरात तेव्हाच दुपारी बाराला रस्ते ओस पडायला लागले होते.

उत्तराबाई महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयात अठ्ठावीस वर्षं सहायक ग्रंथपाल होत्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गुडघे दुखत, जिना चढताना मध्ये थांबावं लागे. वाचनालयाच्या माळ्यावर सागवानी पेट्यांमध्ये एकशे बारा काचा पडून होत्या. जुन्या काळी फिल्मऐवजी काचेवर फोटो घेत, त्या निगेटिव्ह. रामाजी नावाच्या एका फोटोग्राफरने १९०० सालच्या दुष्काळात कुही गावाकडे तलाव खोदायच्या कामावर जाऊन त्या घेतल्या होत्या. तो गेल्यावर त्याच्या बायकोने पेट्या वाचनालयाला दिल्या, आणि त्यानंतर चाळीसेक वर्षं कुणी त्यांना हात लावला नव्हता.

उत्तराबाईंनी पेट्या उघडल्या तेव्हा त्यांना काचांपेक्षा पाकिटांचं नवल वाटलं. प्रत्येक काच कागदी पाकिटात होती, आणि पाकिटावर रामाजीने फोटोतल्या माणसाचं नाव लिहिलं होतं. मजुरांची नावं. गाव, काम, सोबत कोण. दुष्काळी कामावरच्या माणसांची हजेरी कुठे ना कुठे लागली असेलच, पण नाव आणि चेहरा एकत्र ठेवणारा हा एकटाच. उत्तराबाईंनी सगळी पाकिटं एका रजिस्टरात उतरवून काढली. शाई फिकी, अक्षर मोडी वळणाचं. त्यांच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला.

या कामात त्यांना मदत होती नानाजींची. नानाजी इतवारीतल्या एका स्टुडिओत चाळीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल चालवून गिऱ्हाइकांचे चेहरे गुळगुळीत करत असत. आता हात थरथरत, पण नजर शाबूत होती. निगेटिव्हमध्ये चेहरा काळा आणि केस पांढरे दिसतात. त्यात माणूस ओळखू येत नाही. नानाजींनी उत्तराबाईंना एक युक्ती शिकवली होती. पातळ, म्हणजे फिकी उतरलेली काच काळ्या कापडावर ठेवायची आणि खिडकीच्या उजेडात जराशी तिरपी करायची. एका ठरावीक कोनात ती पलटते, आणि क्षणभर खरा चेहरा दिसतो. सगळ्या काचा पलटत नसत, पण ज्या पलटत त्या उत्तराबाई पुन्हा पुन्हा बघत.

कागदावर छापून लावू, मूळ काचा पेटीतच राहू द्या, असं दोघांनीही सांगितलं होतं. कार्यवाह मनोहरराव मानले नाहीत. ते वकील होते, बोलणं गोड होतं.

"छापील फोटो काय, कुठेही बघायला मिळतात," ते म्हणाले. "मूळ वस्तू दाखवण्यात अर्थ आहे."

म्हणून सुताराकडून अठ्ठेचाळीस चौकटी करून घेतल्या. पुढे रामाजीची काच, मागे उजेड पसरवणारी दुधी काच, तिच्यामागे बल्ब. नानाजींनी ट्यूबलाइट सांगितल्या होत्या, आले बल्ब. उत्तराबाई त्यावरून दोन दिवस भांडल्या आणि मग गप्प बसल्या. निदान नावं तरी लागली. प्रत्येक चौकटीखाली त्यांनी स्वतः सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली. शहरातल्या एका दैनिकाने मंगळवारी नावांची यादीच छापली, आतल्या पानावर, बारीक टायपात.

दिवसभर हॉलमध्ये बल्बची धग असे. लोक येत, रुमालाने मान पुसत, दोन चौकटी बघत आणि बाहेर पडत. बुधवारी मनोहररावांनी दोन मोठे कूलर लावून घेतले. शनिवारी मुंबईहून पाहुणे यायचे होते. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी सुटलं, हॉलमध्ये ओला गारवा आणि वाळ्याचा वास भरला. गर्दी वाढली. उत्तराबाईंनाही त्या दिवशी बरं वाटलं, हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही.

गुरुवारी सकाळी नानाजी कूलरजवळच्या चौकटीपुढे उभे राहिले ते हललेच नाहीत.

"उत्तरा, इकडे ये वं," ते म्हणाले. "हे पाय बरं."

काचेवरचा थर एका कोपऱ्यातून सुटला होता. दुधावरची साय सरकावी तसा तो खाली सरकला होता, आणि त्यावरच्या माणसाचा खांदा वाकडा झाला होता.

"मागून गरम, समोरून ओलं," नानाजी म्हणाले. "जिलेटिन हाय ते. फुगून राहिलं. एकदा सुटलं का कोनी चिकटवू नाही शकत."

"किती दिवस टिकन?"

"दिवस? आजच बंद कर सारं."

उत्तराबाई मनोहररावांच्या खोलीत गेल्या. त्यांनी ऐकून घेतलं.

"किती काचा?"

"सध्या तीन."

"अठ्ठेचाळीसपैकी तीन. उत्तराबाई, दोनच दिवसांचा प्रश्न आहे. पाहुण्यांना काय विझलेल्या पेट्या दाखवायच्या? संध्याकाळी बंद करतोच की आपण."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. हॉलची किल्ली उत्तराबाईंच्या कमरेला होती, मेन स्विच दाराशेजारी होता. त्यांनी तो खाली ओढला असता तर कुणी त्यांच्या अंगावर धावून आलं नसतं. पण तीन वर्षं त्या याच खोलीत, याच खुर्चीपुढे उभं राहून एकेक गोष्ट मागत आल्या होत्या. त्या क्षणी त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचं बळ आलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या.

शनिवारी पाहुणे आले, वीस मिनिटं थांबले, त्यातला बराच वेळ भाषणात गेला. रविवारी सकाळी कूलर बंद करून उत्तराबाईंनी मोजलं तेव्हा अकरा काचा गेल्या होत्या. काहींवर थराच्या घड्या पडून चिकटल्या होत्या, काही चक्क कोऱ्या झाल्या होत्या आणि सुटलेलं चित्र चौकटीच्या तळाशी वाळून पडलं होतं. नानाजी एकेक काढून वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

अकराच्या सुमारास दारात एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला, ऐंशीच्या घरातली. सोबत पन्नाशीचा मुलगा, टोपी हातात घेतलेला.

"इथंच हाय काय ते काचेचे फोटू?" मुलाने विचारलं. "मी रुपराव. कुहीहून आलो. हे माही माय, प्रयागबाई. पेपरात नाव आलं होतं."

"कोनतं नाव?" उत्तराबाईंनी विचारलं.

म्हातारीच पुढे झाली. "भागीरथा. माही माय. मी दीड वर्साची होती तवा गेली थे, तलावाच्या कामावर, हगवणीनं. मावशीनं पोसलं मले. तिचं तोंड मी पायलं नाही, बाई. दोन दिवस लगन होतं घरात, नाही त परवाच आलो असतो."

उत्तराबाईंना रजिस्टर बघायची गरज नव्हती. तेविसावी काच. 'भागीरथा, कुही. पाटी वाहते. सोबत मुलगी.' ती काच आत्ता टेबलावर कागदात गुंडाळलेली होती, आणि तिच्यावर काही उरलं नव्हतं.

त्या काही बोलायच्या आत प्रयागबाई चौकटींपुढून चालायला लागली. एकेका काचेपुढे थांबायची, नाक जवळ न्यायची. नानाजी उत्तराबाईंच्या कानाशी आले.

"दुसरी दाखव एखादी. सारे काळे चेहरे, कोनाले समजते? बुढी समाधानानं जाईन घरी."

सतराव्या चौकटीत खरोखर एक बाई होती, कडेवर मूल घेतलेली. ती भिवापूरकडची होती. प्रयागबाई नेमकी तिथेच थांबली. तिने हात उचलला आणि चौकटीच्या लाकडावर ठेवला.

"हेच काय वं?"

नुसतं हाव म्हणायचं होतं. खालची चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती आणि रुपराव अजून मागेच होता. उत्तराबाईंनी म्हातारीच्या हाताकडे पाहिलं. बोटं लाकडावर अगदी हलकी ठेवलेली होती, तापलेल्या भांड्याला लावावी तशी.

"नाही माय," त्या म्हणाल्या. "हे दुसरी हाय. तुमच्या मायची काच खराब झाली. इथंच झाली, या चार दिवसांत."

त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, कागद उघडला आणि काच दाखवली. कोपऱ्यात जमिनीचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. बाकी काचेतून टेबलाचं लाकूड दिसत होतं.

"कशी झाली?" रुपरावने विचारलं.

"मागून लाइट, समोरून कूलर. गुरुवारीच मले माहीत झालं होतं. मी बंद नाही केलं."

"काहून?"

मनोहररावांचं नाव सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"थकली होती मी," उत्तराबाई म्हणाल्या.

"थकली होती म्हनजे?" रुपरावचा आवाज चढला. "पेपरात नाव छापता, लोकायले बोलावता. हे बुढी तीन दिवस झाले नीट जेवली नाही! गाडीत उभ्यानं आली!"

"रुपराव, गप गा," म्हातारी म्हणाली. ती काचेकडेच बघत होती. तिने विचारलं, "तू पायली होती काय तिले?"

"पुष्कळदा."

"मंग सांग."

उत्तराबाईंनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या. तेविसावी काच पलटणाऱ्यांपैकी होती. काळ्या कापडावर त्यांनी ती कितीदा तिरपी केली असेल, त्याचा हिशेब नव्हता.

"मातीच्या चढावर उभी हाय," त्या म्हणाल्या. "डोक्यावर पाटी, ती जराशी डाव्या बाजूनं कललेली. एका हातानं धरली. दुसऱ्या हाताचं बोट तुमच्या मुठीत."

"मी हाय त्यात?"

"हाव. पन तुमी हलल्या. त्या वेळी फोटोले वेळ लागे, हललं का पुसट येई. तुमचा चेहरा नाही आला. पाय आले. उघडे, मातीनं भरलेले."

म्हातारीने आपले पाय चपलांत आखडून घेतले.

"तिचं कपाळ रुंद. पदर मागं गेला होता, म्हनून कान दिसत. मोठे कान. गाल बसलेले. ओठ मिटलेले, पन समोरचे दात थोडे पुढं असतीन असं वाटे."

"रंग?"

"त्यात रंग नाही समजत."

"हासत होती काय?"

"नाही. दमलेली होती. पन कॅमेऱ्याकडे सरळ पाहे."

"असन," प्रयागबाई म्हणाली. "पाटी वाहाची. दमनच." मग तिने विचारलं, "हातात बांगड्या होत्या काय? मावशी म्हने, इकून टाकल्या."

उत्तराबाईंनी डोळे मिटले. पाटी धरलेला हात दिसला, कोपर दिसलं. मनगट काही केल्या दिसेना.

"ते मले आठवत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच नाही आठवत."

"राहू दे," म्हातारी म्हणाली. "हे जे सांगतलं ते लिहून दे. हा वाचून दाखवन मले."

उत्तराबाईंनी वाचनालयाच्या कागदावर सगळं लिहिलं. रुपरावने उभ्यानेच मोठ्याने वाचलं, एकदा अडखळला, पुन्हा सुरुवात केली. मग कागद घडी करून टोपीत ठेवला. जाताना तो उत्तराबाईंशी बोलला नाही. म्हातारीने मात्र दारात वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ती क्षमा होती की नुसता निरोप, ते उत्तराबाईंना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कार्यकारिणीला अहवाल दिला. दिवे व कूलर चालू ठेवण्यास आपण संमती दिली, असं त्यात होतं. मनोहरराव म्हणाले, "'हवामानामुळे' एवढं लिहा, पुरे आहे. कशाला स्वतःवर ओढवून घेता?" त्यांनी शब्द बदलला नाही. त्यांना लेखी समज मिळाली, आणि उरलेल्या एकशे एक काचा कागदावर छापून घ्यायचा ठराव झाला. ते काम नानाजींनी देखरेख करून पावसाळ्यानंतर पुरं करवून घेतलं.

मे महिनाभर वाचनालय दुपारी बंद असे. उत्तराबाई तेव्हा रजिस्टर घेऊन बसत आणि गेलेल्या बाकीच्या दहा काचांच्या नोंदींपुढे आठवेल ते लिहीत. मुंडासं कसं बांधलं होतं, कुदळ कुठल्या खांद्यावर होती, मागे कोण बसलं होतं. काही ठिकाणी पान भरलं, काही ठिकाणी दोनच ओळी झाल्या. महादेव आणि त्याचा भाऊ चंपत, गाव सावनेर, यांची काच कधी पलटली नव्हती. त्यांच्या नावापुढे त्या तीन दुपारी पेन धरून बसल्या, आणि मग जागा रिकामी ठेवून पुढच्या पानाकडे वळल्या.