सुकू दे, मग बोल

त्या दिवशीही सकाळी डब्यावरून कुरबुर झालीच. आईनं लेकीचा डबा उघडून पाहिला. "एवढ्यावर दिवस काढणार? चिमणी आहेस का?" म्हणत तिनं त्यात आणखी कोंबलं. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "भरा, भरा. दिवसभर हवा गाळायची म्हणजे अंगात ताकद हवी."

"गाळत नाही हो आम्ही." हे आई लग्न झाल्यापासून सांगत आली होती. "गाळणीला भोकं असतात. आमच्या पडद्याला एक जरी भोक पडलं तरी सगळी मेहनत पाण्यात."

"मग हवा पलीकडे जाते कुठून?"

"विरघळून जाते. साखर पाण्यात विरघळते ना, तसा वायू पडद्यात विरघळतो नि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. ज्याला जमतं तो जातो, बाकीचे दारात ताटकळतात."

"म्हणजे तुझ्या माहेरासारखंच," बाबा म्हणाले. "मला ताटकळवलं होतं तसं."

"शेवटी घेतलं ना आत?" आईनं डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि चपला पायात सरकवल्या.

घरात ती आई होती, पण प्रयोगशाळेच्या फाटकातून आत शिरलं की मॅडम, आणि दोघींत अहो-जाहो. लेक तिथं नोकरीला लागली त्या दिवशी हा नियम आईनंच घालून दिला होता. उगाच कुणी बोट दाखवायला नको, म्हणून. लेकीनं तो इतका कसोशीनं पाळला की चाचणीचं यंत्र सांभाळणारे सिलिंडरवाले काका तिची टर उडवत. "छोट्या मॅडम, घरी चहा मागायलासुद्धा अर्ज करता का हो?"

काम होतं कारखान्याच्या चिमणीतल्या धुराचं. त्यातला कार्बन डायऑक्साइड पडद्यातून पार जावा आणि नायट्रोजन अलीकडेच राहावा, असा पडदा हवा होता. आईचा पडदा तीन थरांचा होता. खाली आधाराला सच्छिद्र कापडासारखा थर, त्यावर रबरासारखा मऊ थर, आणि सगळ्यांत वर निवड करणारा खरा थर, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. प्रयोगशाळेच्या साहेबांना मधला थर नको होता. तेवढंच काम वाचेल, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, मधला थर काढलात तर वरचं द्रावण खालच्या छिद्रांत मुरेल आणि वाटच बुजेल. वाद बरेच महिने चालला होता. त्या दिवशी आई वरचा थर देणार होती, आणि त्यासाठीच्या पॉलिमरच्या द्रावणाची ती शेवटची बाटली होती.

थर द्यायच्या वेळी खोलीत कुणी बोलायचं नाही, असा तिथला दंडक. श्वासातली वाफ ओल्या थराला लागली की काचेसारखा थर दुधाळ पडतो आणि कामातून जातो. आई काचेवर पडदा ताणून बसवत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "त्या दुसऱ्या कंपनीत तुझं झालं असतं तर बरं होतं. माझ्यामुळे इथंच अडकलीस तू."

प्रयोगशाळेत 'तू' म्हणाली. लेक चमकली.

त्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. नको म्हणाली होती ती स्वतः, आणि घरी मात्र जमलं नाही एवढंच सांगून मोकळी झाली होती. खरं कारण सांगायचं राहूनच जायचं. आज सांगून टाकावं असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलं.

आईचा हात वर झाला. तार गुंडाळलेला स्टीलचा दांडा तिनं काचेवर टेकवला होता, द्रावणाची धार पडली होती.

"सुकू दे," ती म्हणाली. "मग बोल."

मग तिनं श्वास रोखला आणि दांडा एका दमात खालपर्यंत ओढला. लेकीनंही श्वास धरला होता. थर नितळ बसला. कोरड्या हवेच्या कपाटात पडदा सरकवून आईनं दार लावलं, आणि दोघी एकदमच सुटल्यासारख्या हसल्या. तेवढ्यात साहेबांनी आईला बोलावलं आणि बोलणं राहून गेलं. घरी परतताना दोघी गळक्या नळाबद्दल बोलल्या. प्लंबर कसा रोज उद्या म्हणतो, त्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. फार त्रास झाला नसावा, असंही म्हणाले.

भेटायला येणाऱ्यांची रीघ आटल्यावर लेक कामावर गेली. कपाटात पडदा तसाच होता, पूर्ण सुकलेला. कडा वळल्या होत्या, मधला तळहाताएवढा भाग तेवढा निर्दोष. चाचणीला बरोबर तेवढीच चकती कापावी लागते. तिनं तो पडदा चपट्या डब्यात ठेवला, डबा खणात ठेवला आणि खणाला कुलूप घातलं.

साहेबांनी घाई केली नाही. तरी एक दिवस टेबलाशी येऊन उभे राहिले. "पुढच्या आठवड्यात बैठक आहे. तीन थरांचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं, ते ठरेल. मी मॅडमच्या बाजूनं बोलेन हो, पण चाचणीचा आकडा नसेल तर बोलू काय?"

"बघते, सर."

काकांनी हे ऐकलं होतं. ते नुसतं म्हणाले, "यंत्र तपासून ठेवलंय. कुठं गळत नाही."

ती कात्री हातात घ्यायची आणि परत ठेवायची. आईच्या हातचं जगात शेवटचं ते उरलं होतं. कापलं, दाबाखाली घातलं आणि फाटलं, तर?

संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. आई गेल्यापासून ते काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. फोडी अजून ओबडधोबड व्हायच्या.

"ते अजून ठेवलंयस का गं?"

"हो."

"ठेवल्यानं टिकतं ते?"

"नाही. असे पडदे बसल्या बसल्या घट्ट होत जातात. आतल्या साखळ्या एकमेकींना चिकटत सरकतात. दिसायला तसाच राहतो, पण दिवसेंदिवस कमी वायू सोडतो." मग तिला आठवलं आणि हसू फुटलं. "आई म्हणायची, आपलं उलट आहे. आपण बसल्या बसल्या सैल होतो."

"हे माझ्या पोटाकडे बघून म्हणायची," बाबा म्हणाले. सुरी थांबली. बाहीनं डोळे पुसत ते म्हणाले, "कांदा आहे हा."

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी तिनं खण उघडला. साचा पडद्यावर ठेवला, पातं गोल फिरवलं आणि चकती सुटी केली. बाकीच्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकताना हात अडखळला, पण टाकल्या. काकांनी चकती यंत्रात बसवली आणि बोल्ट समोरासमोरचे घेत हळूहळू आवळले.

यंत्राच्या टोकाला काचेची उभी नळी होती. पडद्यातून पार आलेला वायू त्या नळीत साबणाचा बुडबुडा वर ढकलतो. किती वेगानं, ते मोजायचं. आधी नायट्रोजन सोडला. पडद्याला कुठं भोक असेल तर बुडबुडा आता सुसाट निघणार होता. दोघांची नजर नळीवर खिळली. बुडबुडा मुंगीच्या चालीनं सरकला, सरकला की नाही अशी शंका यावी इतका.

"धरतोय," काका पुटपुटले.

मग त्यांनी नायट्रोजन बंद केला, नळ्या स्वच्छ करून घेतल्या आणि कार्बन डायऑक्साइडची कळ फिरवली. बुडबुडा जागचा उठला आणि न अडखळता वर निघाला. एका खुणेपासून दुसरीपर्यंत, तिसरीपर्यंत. टोकाला जाऊन फुटला. मागोमाग दुसरा निघाला. मधला थर वाट मोकळी ठेवून होता. आकडा मांडायच्या आधीच दोघांना कळलं.

"जिंकल्या, मोठ्या मॅडम जिंकून गेल्या," काका म्हणाले, आणि घड्याळाकडे बघायच्या निमित्तानं त्यांनी तोंड फिरवलं.

ती यंत्रापाशीच उभी राहिली. आत पोलादी झाकणाखाली ती चकती होती, आईच्या एका श्वासात ओढलेली. नळीत आणखी एक बुडबुडा चढत होता. इथं मोठ्यानं काही बोलायची तिला सवय नव्हती.

"सुकलाय, आई," ती म्हणाली. "आता बोलते. मी अडकले नव्हते गं. त्यांनी मला बोलावलं होतं, मीच गेले नाही. मला तुझ्याबरोबर काम करायचं होतं."