होळीनंतरची खेप

मी एक जुना टेम्पो आहे. मित्रांनो, तुम्ही मला छोटा हत्ती म्हणून ओळखता. पांढरा रंग, पुढे दोन बैठका, मागे उघडा हौदा आणि फाळक्यावर 'एकवीरा माऊली प्रसन्न'. माझ्यासारखे हजार असतील, पण त्यांच्यापैकी कोणी माझ्याइतका चिडलेला असेल असं वाटत नाही. इंजिन तापलं की पाणी ओतता येतं. या रागावर काय ओतायचं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही, म्हणून तो तुमच्यापुढे ओततो आहे.

कारखान्यातून मी भाईंदरला आलो तेव्हा माझ्या मालकाने, बाळारामने, माझ्यापुढे नारळ फोडला आणि चाकांखाली लिंबं ठेवली. बाळाराम घोडबंदर गावचा. त्याच्या वडिलांचं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात गेलं. मिठागर बंद पडलं, भातशेती होती तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि बाळारामच्या हातात माझं स्टिअरिंग आलं. पहाटे पूनम सागर वस्तीतल्या दुकानांना भाजी, दुपारी पाण्याचे जार, लग्नसराईत मंडपाच्या खुर्च्या, भाद्रपदात गणपती. दहा-बारा वर्षं मी पाठ मोडेस्तोवर ओझी वाहिली. "ह्यो माजा दुसरा पोरगा," असं बाळाराम चारचौघांत म्हणायचा. मी फुगून जायचो. मालकाचं कौतुक ऐकून फुगू नये, हे तेव्हा कळत नव्हतं.

पुढे भावेशने, म्हणजे बाळारामच्या खऱ्या मुलाने, भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत तिसऱ्या माळ्यावर घर घेतलं. बाळाराम आणि त्याची बायकोही तिकडे राहायला गेली. बाळारामचा जीव तिथे रमेना. शेवटी त्याने विक्रमगडच्या अलीकडे एका पाड्यावर शेताचा तुकडा आणि दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलं. बेत सोपा होता. दिवाळी झाली, भात कापून झालं, की शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा. होळीपर्यंत तिथेच राहायचं आणि वाल काढून परत यायचं.

बाळारामची बायको शांतीबाई. मित्रांनो, मी त्यांना 'अहो' म्हणतो आणि मालकाला 'अरे' म्हणतो, यातच काय ते ओळखा. पूनम सागरच्या एका बेकरीमागे खारीचा चुरा चाटणारं कुत्र्याचं पिल्लू त्यांनी पदरात घालून आणलं होतं. रंगही खारीचाच, म्हणून तिचं नाव खारी. दुसरी होती मांजर. तिने आल्या दिवशीच डब्यातली सुकट लांबवली, म्हणून ती सुकट.

पहिल्या खेपेला निघालो तो दिवस मला पाठ आहे. हौद्यात गाद्या, शेगडी, विळा-कोयता, कोंबड्यांची करंडी. पुढे शांतीबाईंच्या मांडीवर खारी आणि पायाशी पिशवीत सुकट. महामार्गावरच्या फाउंटन चौकात नेहमीप्रमाणे गाड्यांचा गुंता. तासभर एका जागी उभा राहून मी धूर खाल्ला. वर्सोव्याच्या पुलावर खाडीचा वारा लागला आणि खारीने नाक बाहेर काढलं. मनोरला उजवीकडे वळेपर्यंत ती शिंकत होती, शेपटी हलवत होती, बाळारामचा गिअरवरचा हात चाटत होती. त्या एका खेपेत ती माझा आवाज शिकली. मला तर वाटतं, माझं इंजिन म्हणजे तिच्या माणसांचा श्वास आहे, असंच तिने धरून ठेवलं.

तो हिवाळा सुखाचा होता, मी खोटं का बोलू? खारी दिवसभर वालाच्या वेलांत उंदीर हुडकायची. सुकट माझ्या बॉनेटवर ऊन खायची. पौषात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला, वरून गवताचा जाळ. पहिलं अंडं शांतीबाईंनी सोलून खारीला दिलं. शेजारच्या झोपडीतली आनंदी तिच्या पोरांना घेऊन शेकायला यायची. सगळे पाय पसरून गप्पा मारायचे आणि मी बाजूला उभा असायचो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर काही नव्हतं.

मग होळी झाली. वालाची पोती हौद्यात चढली. शांतीबाईंनी खारीला हाक मारली, तसा बाळाराम म्हणाला, "तिला कनाला नेतेस? तिला नि मांजरीला हितंच रावंदे."

"हितं? येकटी?"

"कुत्रा जाग्याचा असतो, मानसाचा न्हाय. आमचे बापाचे मिठागरावर चार कुत्रे व्हते. पावसाला आला का आमी घरा. कुत्रे थयंच. दिवालीनं परत जावं तं टणटणीत! जागा धरून रायची."

शांतीबाईंनी भावेशला फोन लावला. तोही म्हणाला, "आई, बिल्डिंगमध्ये कुत्रा नाय चालणार. सेक्रेटरी लगेच कटकट करेल. पप्पा बोलतायत ना, राहील ती."

बाळाराम निर्दय नव्हता. माझा राग त्याच्या निर्दयपणावर नाही, त्याच्या खात्रीवर आहे. त्याने कणीचं अर्धं पोतं आनंदीकडे दिलं, खारीच्या पाठीवरून हात फिरवला आणि किल्ली फिरवली. आनंदी काहीतरी सांगत होती. त्याने ऐकलंच नाही. आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं ज्याला वाटतं त्याचे कान आधी जातात.

मी निघालो. मित्रांनो, मी निघालो! माझ्याकडे दुसरं काय होतं? किल्ली त्याच्या हातात, पाय त्याचा. खारी माझ्यामागे धावली. आधी हसत धावली, खेळ आहे असं समजून. मग कान मागे पाडून धावली. फाट्यापर्यंत मी तिला आरशात पाहिलं, आणि पुढच्या वळणावर आरशात नुसता रस्ता उरला. शांतीबाई मनोरपर्यंत मान वळवून मागे बघत होत्या. बाळारामने मात्र रेडिओ लावला होता.

पुढचे आठ महिने मी पाण्याचे जार वाहिले. कोणी मला धुऊन-पुसून काढलं, कोणी माझी स्तुती केली. मला त्याची किळस यायची.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा पाड्यावर गेलो. फाट्यावर वळताना झुडपातून एक सापळा उठला आणि तीन पायांवर माझ्याकडे येऊ लागला. ती खारी होती. तिचा मागचा उजवा पाय वाकडा होऊन वर लटकत होता. ती शांतीबाईंकडे आधी गेली नाही. ती माझ्या पुढच्या चाकाला टेकून उभी राहिली आणि थरथरत राहिली.

काय झालं ते आनंदीने सांगितलं. "दादा, मी तवाच सांगत व्हते, पन तुमी गाडी चालू केली. आमी होळी झाली का वीटभट्टीवर जातो. समदा पाडा जातो. पावसाच्या तोंडावर परततो. कणी मी तिच्यापुढं ओतून गेले, ती किती दिस पुरनार? आमी आलो तवा ही फाट्यावर बसलेली. तुमच्यासारखा टेम्पो आला का पळायची मागं. आखाडात येकाच्या चाकाखाली गेली. मी हळद भरली, पट्टी बांधली. मांजर आमी आलो तवाच नव्हती."

माझ्यासारखा टेम्पो. ऐकलंत ना? तिला चिरडलं ते माझ्या आवाजाने. तो आवाज दुसऱ्या कोणाचा असू शकतो, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. आणि सुकटचं काय झालं हे मला आजही ठाऊक नाही. तिच्याबद्दल नंतर कोणी विचारलंही नाही.

आता बाळारामला काही वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. तो खारीजवळ उकिडवा बसला, तिच्या फासळ्या चाचपल्या आणि शांतीबाईंना म्हणाला, "बग, बोललो व्हतो का न्हाय? जागा धरून रायली!"

त्या क्षणी माझ्या रेडिएटरमधलं पाणी उकळलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

 तो हिवाळाभर शांतीबाईंनी खारीला सुक्या मासळीचं पाणी घालून भात भरवला, पायाला तेल चोळलं. वाल उत्तम आला. पोपटीही लागली, पण खारी जाळाजवळ आली नाही. ती माझ्याखाली, चाकांच्या मध्ये बसून असायची. होळी जवळ येत होती आणि तिला नेणार की नाही, हे बाळाराम बोलत नव्हता. मी रोज त्याच्या तोंडाकडे पाहायचो.

धूळवडीच्या दुसऱ्या दिवशी पोती चढली. गाद्या चढल्या. कोंबड्यांची करंडीही चढली. बाळारामने खारीला माझ्याखालून ओढून काढलं, ओट्यावर नेलं, तिच्यापुढे भाताची थाळी ठेवली आणि येऊन माझ्या बैठकीवर बसला. किल्ली फिरली. माझं इंजिन सुरू झालं.

खारी धावली नाही.

तिने माझा आवाज ऐकला, कान हलवले आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. थाळीला तिने तोंडही लावलं नाही. आमच्याकडे पाठ, तीन पाय जमिनीवर आणि चौथा हवेत. मित्रांनो, मागच्या वर्षी तिचं धावणं बघून माझं काळीज फाटलं होतं. पण हे न धावणं त्याहून वाईट होतं. होळीनंतर तिला सोडून जाणं हाच आमचा नियम आहे, हे ती समजून चुकली होती. एका मुक्या जिवाला आम्ही हे शिकवलं होतं.

"थांबवा," शांतीबाई म्हणाल्या.

"आता काय रायला?"

"गारी बंद करा बोलते!"

मी त्यांचा तसला आवाज कधी ऐकला नव्हता. बाळारामनेही नसावा, कारण त्याचा हात आपोआप किल्लीकडे गेला.

"तुमचे बापाचे मिठागराला खाडी व्हती," शांतीबाई ओरडल्या. "निवट्या व्हत्या, चिंबोऱ्या व्हत्या. कुत्र्यांना पोट भराला मानूस लागत नव्हता. हितं काय हाय? होलीला हीर सुकते. धोंडे खाईल ती? आठ महिने तुमची वाट बगली तिनं, नि तुमी बोलता जागा धरली! मांजर मेली ना माजी. ही मेली तं मी बी हितंच बसन, भिंतीकडं तोंड करून."

बाळारामने स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.  खाडी. एवढी साधी गोष्ट. मिठागरावरचे कुत्रे जागेवर प्रेम होतं म्हणून टिकले नव्हते. ते चिखलातले मासे खाऊन टिकले होते. साठ वर्षांच्या माणसाला हे एकदाही सुचलं नव्हतं. जन्मभर ज्या खाडीकाठी राहिला, तिचा त्याने हिशेबच धरला नव्हता.

शांतीबाई उतरल्या आणि खारीला कवेत उचलून पुढे मांडीवर घेऊन बसल्या. खारी लाकडासारखी ताठ होती. तिने ना शेपटी हलवली, ना नाक बाहेर काढलं. वर्सोव्याच्या पुलावर खाडीचा वास आला तेव्हा बाळाराम हळूच म्हणाला, "माजा चुकला."

"मना काय सांगता? तिला सांगा."

त्याने सांगितलं. पुलावर, मागचे लोक हॉर्न मारत असताना, त्याने त्या कुत्रीला सांगितलं. इमारतीपाशी पोचलो तेव्हा सेक्रेटरी गुणवंतभाईंनी अपेक्षेप्रमाणे कटकट केली. "काका, यहाँ कुत्ता नहीं चलेगा," ते फाटकातच म्हणाले. शांतीबाईंनी खारीचा पाय त्यांच्यापुढे धरला. ते वर बघत निघून गेले, परत आले नाहीत.

या गोष्टीचा शेवट गोड आहे असं तुम्हाला वाटलं असेल, तर थांबा. राग माझा अजून आहे, आणि मला तो हवा आहे. थंडीच्या दिवसांत पाड्याकडे शहरातले लोक गाड्या घेऊन येतात, पोरांना खेळायला पिल्लं घेतात आणि सुट्टी संपली की रस्त्यावर ठेवून जातात. तेही म्हणतात, "इथे बरं राहील." मित्रांनो, प्राणी हे ऋतूपुरते नसतात. न्यायचं नसेल तर आणू नका. आणि 'राहील ती' असं म्हणण्याआधी विचारा, काय खाऊन राहील?

खारी आता आमच्याकडेच आहे. तिसऱ्या माळ्यावर तिच्यासाठी गोधडी घातलेली आहे, पण ती तिथे झोपत नाही. संध्याकाळ झाली की तीन पायांनी जिना उतरते आणि बाळाराम फाळका उघडेपर्यंत माझ्यामागे उभी राहते. मग माझ्या हौद्यात चढून, बरोबर मधोमध बसते. लोक म्हणतात, किती माया आहे तिची टेम्पोवर. माया कसली! मी तिला सोडून निघून जाऊ नये, म्हणून ती माझ्यावर पहारा ठेवते.