सत्यभामेचा दुसरा स्क्रू

बस धम्मदीप, बस गा. वरठीच्या कारखान्यातली पाळी तुही दुपारची आहे, घाईचं सोंग करू नोको. एक गोष्ट सांगतो. तुह्या सत्यभामा काकूची आहे, अना अर्धी माही, तुह्या काकाची. मधात उठू नोको फक्त. उठला तं माह्याच्यानं पुरी होणार नाही.

काकूचे खालचे सारे दात गेले. बावन्न वर्षांची बाई, खालचा जबडा सफाचट. साकोलीहून कवळी करून आणली, तं ते तोंडात डोंग्यावानी डोलत राहे. भाकर आत घालाले जाये अना कवळी बाहेर ये. मी हासो. म्हणो, "कवळीलेच भाकर चार." ती म्हणे, "तुमचे पडू द्या, मंग पायतो जी."

मांगच्या साली सानगडीत दाताचं शिबिर लागलं. नागपूरहून रुपा मॅडम आली. तिचं संशोधन चालू होतं. खालच्या हाडात दोन स्क्रू बसवाचे, तीन महिने हाडाले ते धरू द्याचे, मंग वरून कवळी दाबाची. ब्लाउजले टिचबटन राहते ना, तसं. आपल्याच भागातले चाळीस लोक घेतले तिनं, आपल्या हाडात हा स्क्रू टिकते का नाही ते पाहाले.

फॉर्म भरताना तिनं इचारलं, "काकू, तंबाखू खाता का?"

काकू म्हणे, "नाही व बाई. जलमात नाही खाल्ली."

खोटं नोहोतं गा ते. ती लावे गुडाखू, गुळात मळलेला तंबाखूचा काळा लगदा; तो कोणी खाते का? बोटानं हिरडीवर घासतात. धान रोवाच्या बांधीत बाया गुडाखूची डबी फिरवतात, चिखलाचा हात लुगड्याले पुसतात, एक एक बोट घेतात अना कामाले लागतात. त्याले तंबाखू कोण म्हणते? मंजन म्हणतात. सकाळी घासल्याबिगर पोट साफ होत नाही, डोस्कं धरते. तवा तिची डबी माह्याच खिशात होती. मलेही खटकलं नाही.

तीन महिन्यानं कवळी बसली. तिनं लाखोरीच्या डाळीचा वडा खाल्ला, कडक तळलेला. दोन खाल्ले, तिसरा माह्या ताटातून घेतला. म्हणे, "अवो, आवाज येते जी चावाचा." त्या दिवशी मले ती नवीन लग्न झाल्यावानी दिसली. हास, हास.

चार महिने गेले अना डावा स्क्रू हालू लागला. आठ दिवसांत हातात आला. पू आला त्याच्यासंग.

नागपूरले गेलो. बसमधी कोंढ्याचा टिकाराम भेटला, तोही त्या चाळीसमधला. म्हणे, सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो म्हणून सांगलं तं माहं नाव कापलं. खरं का खोटं, त्याचं त्याले माहीत. पण ते आयकून मी खिशातली डबी आत दाबली.

मॅडमनं आता एक एक नाव घेऊन इचारलं. "बिडी? खर्रा? गुडाखू?"

सत्यभामा खाली पाहून राहिली. मी म्हणलो, "नाही मॅडम. आमच्या घरी नाही."

पयले समजलं नोहोतं, ते येगळं. हे मी समजून बोललो.

मॅडमनं लिहून घेतलं. म्हणे, "मग स्क्रूमध्येच काही असेल. इकडच्या लोकांना हा चालत नाही, असं लिहावं लागेल." तिचं तोंड उतरलं होतं गा. तिची चूक नसून.

आता उजवाही हालून राहिला. सहा दिवस झाले, मॅडमचा फोन आला. म्हणे, सोमवारी या, काढून टाकू. हाड विरघळून राहिलं, त्या जागी पुन्हा बसणार नाही. कारण सापडलं असतं तं आत सफाई करून वाचवून पाह्यलं असतं. कारणच नाही तं काय करू?

कारण माह्या खिशात.

काकू पेजेवर आहे. हातातली बांगडी कोपरापावेतो चढते. म्हणलो, सांगून टाकू. तं म्हणे, "सांगलं तं दारात उभे करणार नाहीत. मंग कोण पाहीन माह्याकडे?" मी चार दिवस डबी लपवली. पाचव्या दिवशी ती खांबाले डोस्कं टेकून बसली, पाणीही पोटात ठरे ना. आज सकाळी तिनं हात पुढे केला. मी देली. मीच देली गा, माह्या हातानं.

नोको, मले शिव्या मंग दे.

मॅडमचा नंबर या कागदावर आहे. तू फोन लाव. मी बोलाले गेलो का माह्या तोंडातून पुन्हा "नाही"च निघन. तिले सांग, गुडाखूची डबी तिचा नवरा चिंधूच बाजारातून आणून देते, वीस वर्षं झाले. सांग का स्क्रूत खोट नाही, तसं लिहू नोका. चाळीसमधून नाव कापाचं असन तं कापा, पण सोमवारच्या आधी उपाय सांगा. अना हे सुटते कसं, तेही इचार. काकू पाण्याले गेली आहे, येतेच. लाव बाबू, ती याच्या आधी लाव.