पहिली घागर रांजणाची

त्या दिवशी सकाळीच ऊन असं चढलं होतं की डांबरी रस्त्यावर चपला चिकटत होत्या. वारा होता, पण तव्यावरून आल्यासारखा. समोरच्या लिंबावर कावळे चोची उघड्या टाकून गप बसले होते. आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. अशा दिवशी माझ्याकडं माणसं जास्त येतात, म्हणून तसला दिवस मला आपला वाटतो.

मी रांजण बोलतोय. तेलगावच्या अलीकडं, माजलगावच्या रस्त्याला, सिदू आबाच्या अंगणाच्या कडेला कमरेपर्यंत वाळूत गाडलेला आहे मी. शाळा मी पाहिली नाही. हात नाहीत, पाय नाहीत, एक तोंड तेवढं आहे, आणि ज्याला बोलायचं असतं तो त्या तोंडापाशीच येऊन बोलतो. तेवढ्यावर जे कळलं ते सांगतो. हळूहळू सांगीन. मला घाई जमत नाही. पाणीसुद्धा माझ्यात हळूहळूच गार होतं.

माझी माती सिंदफणेच्या काठची. कुंभारानं तिच्यात लीद आणि राख मिसळली, थापीनं थापून थापून मला वर चढवलं आणि भट्टीत घातलं. बाहेर काढल्यावर टिचकी मारून कान लावला. बाजारात मला जो जो बघायला आला त्यानं टिचकी मारली. मला तेव्हापासून एक नवल वाटतं. माणसं मडकं घेताना टिचकी मारून बघतात, सोयरीक करताना मात्र नुसतं तोंड बघतात.

मला घेतलं साखराबाईनं. सिदू आबाची बायको. बैलगाडीत कडब्यावर निजवून तिनं मला घरी आणलं. सिदू तेव्हा जवान होता. तो म्हणाला, घरात माणसं किती आणि एवढा थोरला रांजण काहून आणला? ती म्हणाली, हा घरासाठी न्हाई, रस्त्यासाठी हाय.

झालं होतं असं, की त्या रविवारी ख्रिस्ती देवळात पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, तान्हेल्याला नुसतं गार पाणी दिलं तरी देव ते विसरत नाही. मंडळीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं, माना हलवल्या आणि घरी जाऊन जेवले. साखराबाईला अक्षर येत नव्हतं. जे कानावर पडलं ते बाजारच्या भाजीसारखं घरी न्यायचं आणि शिजवायचं, एवढंच तिला ठाऊक. सिदूनं कुरकुर केली तेव्हा ती त्याला म्हणाली, "देवळातलं देवळातच ठिवून यायचं, तर मग आपण गेलतो कशाला?"

तिनं नेम घातला. हातपंपावरून आणलेली पहिली घागर रांजणात, मग घरात. नळ आठवड्यातून एकदा येऊ लागला तरी नेम मोडला नाही. टँकरवर भांडणं झाली, साखराबाई त्या भांडणात कोणाला हटली नाही, तोंड तिचं लई तिखट होतं, पण भांडून आणलेली पहिली घागरही माझ्यातच आली.

मग किती माणसं माझ्यापाशी वाकली म्हणून सांगू. ऊसतोडीला निघालेल्या बाया यायच्या, त्या आधी लेकराला पाजायच्या, मग स्वतःच्या तोंडावर हबका मारायच्या, आणि प्यायच्या सगळ्यात शेवटी. बाप्ये आधी तांब्यात डोकावून बघायचे. अलीकडं काही जण कानाला मोबाईल लावून पितात, त्यांना पाणी प्यालेलं कळतसुद्धा नाही. एक दारुडा मला टेकून झोपायचा आणि मलाच मामा म्हणायचा. मी कुणाला नाव विचारलं नाही. साखराबाईनंही विचारलं नाही.

फक्त एक माणूस रोज माझ्याशेजारी बसायचा आणि माझं पाणी घ्यायचा नाही. भीमाशंकर अप्पा. शेजारीच त्यांचं किराणा दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझ्याजवळच्या धोंड्यावर येऊन बसायचे, आणि येताना स्वतःचा तांब्या घेऊन यायचे. राग नव्हता त्यात. त्यांच्या घरची रीत होती, बापजाद्यापासूनची. आमच्या सिदूच्या आज्यानं देव बदलला, पण गावानं आज्याची जात लक्षात ठेवली. सिदूलाही ते ठाऊक, अप्पांनाही ठाऊक. दोघंही त्यावर कधी बोलले नाहीत. बाकी सगळ्यावर बोलायचे.

अप्पा म्हणायचे, "सिदू, तुझ्या या रांजणानं माझा फ्रीज उपाशी मारला. गार बाटली कोण घेतंय?" सिदू हसायचा आणि म्हणायचा, तुमीबी रांजणच ठिवा की अप्पा. एकदा अप्पा म्हणाले, मेलं की तुमच्यात पुरत्यात आणि आमच्या लिंगायतांतबी पुरत्यात, मंजी दोघांलाबी लाकडं लागत न्हाईत, मातीतच जायाचं. मी मातीचाच, मला ते बोलणं फार आवडलं.

गेल्या साली साखराबाई गेली. अप्पांनी दुकान बंद ठेवलं, खांदा दिला, खड्ड्यात मूठभर माती टाकली. परत आल्यावर धोंड्यावर बसून राहिले. सिदूनं सवयीनं तांब्या भरून पुढं केला. अप्पांचा हात उचलला गेला आणि मग धोतराला पुसून खाली गेला. सिदूनं तांब्या गुपचूप स्वतःच्या तोंडाला लावला. बाई गेली त्या दिवशीचं पाणी होतं ते. मला अजून आठवतं.

आता शुभ शुक्रवाराचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या दिवशी आमची मंडळी उपास धरते, पाणीसुद्धा पीत नाही. बारा ते तीन देवळात बसते. प्रभू वधस्तंभावर सात वेळा बोलला, ते सात शब्द सात जण समजावून सांगतात. तीन वाजले की सगळे रांगेनं माझ्यापाशी येतात आणि माझ्या पाण्यानं उपास सोडतात. ही रीत साखराबाईनं पाडली. आणि पाचवा शब्द, तहानेचा, तोही दरसाल तीच सांगायची. रांजणवाली म्हणून तो तिच्याकडंच असायचा.

औंदा मंडळीचे पंच राधाकिशनराव घरी आले आणि म्हणाले, पाचवा शब्द आता सिदूनं सांगायचा. सिदूला घाम फुटला. देवळात तो जन्मात बोलला नव्हता, गाण्यातसुद्धा त्याचे नुसते ओठ हलायचे. पण बायकोचा शब्द दुसऱ्याकडं जाऊ द्यायचा, हे त्याच्यानं होईना. तो हो म्हणाला.

मग काय. सून मंगल त्याला रोज पवित्र शास्त्रातून वाचून दाखवायची, समजावून सांगायची, आणि त्यानं मला घासायला घेतलं की माझ्या तोंडात तोंड घालून बोलून बघायचा. आत आवाज घुमायचा. "मंडळीहो, प्रभूला तान्ह लागली," एवढं म्हणायचा आणि अडायचा. पुन्हा पहिल्यापासून. मला ते पाठ झालं, त्याला होईना. एकदा म्हणाला, साखरे, तू कसं गं बोलत हुतीस.

तो शुक्रवार आला तेव्हा नळ बंद होता. टँकर येणार येणार म्हणून आला नव्हता. सिदूनं दोन दिवस घरातलं पाणी वाचवून, मंगलनं कपडे न धुता, मला काठोकाठ भरलं होतं. वरून ओलं पोतं गुंडाळलं. घरात प्यायला एक कळशी शिल्लक. मंगल आधी देवळात गेली. सिदूनं पांढरा सदरा घातला, माझ्या तोंडावर झाकण ठेवलं, आणि निघणार तेवढ्यात मेंढरं आली.

बजरंग धनगराचा कळप होता. दरसाल याच वाटेनं जातो. पण त्या दिवशी मेंढरांचं चालणं वेगळं होतं, माना खाली, आवाज नाही. पाण्याचा वास आला तशी सगळी माझ्याभोवती येऊन उभी राहिली. एक मेंढी रस्त्यातच बसली. बजरंगनं खांद्यावरचं कोकरू खाली ठेवलं. सिदूनं त्याला तांब्या दिला, तो प्याला. मग नुसता मेंढरांकडं बघत उभा राहिला.

"कवापासून हैत बिगर पाण्याची?" सिदूनं विचारलं.

"काल सकाळपासून. वरचं तळं आटलंय, मला ठावं न्हवतं."

लांबून घंटा ऐकू आली. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा आहे, पण आवाज चांगला जातो. बारा झाले होते. सिदूनं देवळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. हे पाणी दिलं तर तीन वाजता सगळी उपाशी मंडळी कोरड्या रांजणापाशी येणार. साखराबाईची रीत तिच्या माघारी पहिल्याच साली मोडणार.

त्यानं झाकण काढलं आणि कोपऱ्यातली जनावरांची दगडी डोणी ओढली.

बजरंग म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. माणसांचं पाणी हाय त्ये."

सिदू म्हणाला, "आज तुला न्हाई मनलो, तर तिथं जाऊन काय बोलू बे?"

डोणी लहान. पाच-सहा मेंढरं प्यायची, मग पुढची. बजरंग त्यांना आवरून धरायचा आणि सिदू ओतायचा. स्वतःचं तोंड उपासानं कोरडं पडलेलं. दुकानाच्या दारातून अप्पा ओरडले, "सिदू, तुझा शब्द निघून जाईल, जा तू." सिदू म्हणाला, मग वतंल कोण? अप्पा पायरी उतरून माझ्यापर्यंत आले. तांब्याकडं हात नेला. आणि तिथंच थांबले, नेहमीसारखे. सिदू ओतत राहिला. शेवटी माझ्यात वाकून तळातलं पाणीसुद्धा तांब्यानं खरवडून त्यानं त्या बसलेल्या मेंढीच्या तोंडात घातलं. ती उठली. मग तो निघाला, ओल्या सदऱ्यानं, जमेल तेवढ्या लगबगीनं.

मी कोरडा पडलो. कोरड्या रांजणात वारा शिरला की आवाज येतो, माणसाच्या सुस्काऱ्यासारखा. अप्पा तो ऐकत धोंड्यावर बसले होते. नीलम्मा, त्यांची बायको, दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, जन्मभर त्या माणसाशेजारी बसलाव, त्येच्या हातचं पाणी तेवढं कडू व्हय?

अप्पा उठले, दुकानाचं शटर खाली ओढलं. त्यांच्या बोअरला सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी येतं, ते दोघं टाकीत साठवतात. नीलम्मानं घागर भरली. अप्पांनी माझ्या आतला गाळ पुसला, हातानं. खांद्यापर्यंत हात आत घातला होता त्यांनी. मी त्या घरचा हात पहिल्यांदा अनुभवला. म्हातारा, खरखरीत, सिदूसारखाच हात होता. मग घागरीवर घागर. मी भरत गेलो. वर परत पोतं ओलं केलं, झाकण ठेवलं, आणि अप्पा जाऊन धोंड्यावर बसले, जसे काही उठलेच नव्हते.

देवळात काय झालं ते मला मंगलनं दुसऱ्या दिवशी मला घासताना सांगितलं, म्हणजे ती स्वतःशीच बोलत होती. सिदू पोचला तेव्हा सातवा शब्दही होत आला होता. पाळकसाहेबांनी त्याला हातानं पुढं बोलावलं. तो उभा राहिला. शिकलेलं सगळं विसरला. म्हणाला, "मंडळीहो, रांजणात पाणी न्हाई. मेंढरं तान्हेली हुती. मला माफ करा." आणि खाली बसला. राधाकिशनराव कुरकुरले, आता उपास सोडायचा कशानं. तेव्हा भिवराबाई, साखराबाईची जुनी मैत्रीण, बाकावरून म्हणाली, "कोरडा तर कोरडा, जायाचं रांजणापाशीच. पाचवा शब्द झालाय आज."

म्हणून ते आले. तीन वाजता, पांढऱ्या कपड्यांत, रांगेनं. सिदू सगळ्यांच्या मागं, मान खाली. भिवराबाईनं झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली. मग बाजूला सरून तिनं सिदूला पुढं केलं. सिदूनं माझ्यात बघितलं. काठोकाठ पाण्यात त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं अप्पांकडं बघितलं. अप्पा रस्त्याकडं बघत होते.

सगळे प्याले. राधाकिशनराव दोनदा प्याले.

मी आता जुना झालोय. एका बाजूनं तडा गेलाय, त्याला सिमेंट लावलंय, तिथून थेंब थेंब पाझरतं आणि खालच्या वाळूत चिमण्या लोळतात. अजून किती उन्हाळे काढीन ठाऊक नाही. फुटलो तर माती होईन, त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या दारापुढून रस्ता जात असेल तर एखादा रांजण ठेवा, एवढंच मागणं. तुमचा देव कोणताही असो. तान्हेला माणूस तो विचारत नाही.

आणि त्या दिवशीचं शेवटचं राहिलं. मंडळी घरोघर गेली. सिदू सगळ्यांच्या शेवटी प्याला, तांब्या विसळला आणि झाकणावर उपडा ठेवायला लागला. अप्पा धोंड्यावरच बसून होते. त्यांचा स्वतःचा तांब्या त्या दिवशी त्यांच्यापाशी नव्हता. ते खाकरले, आणि सिदूकडं न बघता म्हणाले,

"पालथा नगं घालू, सिदू. माझाबी उपासच हाय. भर तांब्या."